दोन घरांचं गाऱ्हाणं

"दार ओढून घे," मामा म्हणाले. "आनी ती खिडकी पण."

मी माडीवरची खिडकी लावली. खाडीवरचं धुकं तोवर आत येऊन कोपऱ्यात बसलं होतं. मामांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्याला घातली आणि खाटेवर मांडी घालून बसले. घरात ते कधी टोपी घालत नसत. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे त्यांनी शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसं बघितलं.

"ह्या कोणाक दाखवचंस नाय."

"नाही दाखवणार."

"जत्रेच्या आदी पुसून टाकतलंस."

"टाकीन, मामा."

"पुसून म्हणजे पुसून. तुमचा ता कायतरी पाठी ऱ्हवता म्हणतंस, तसा नाय."

मग त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. मी टंकायला लागले.

विसूमामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ. चेंदवळच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराचा. जत्रेच्या सकाळी देवासमोर उभं राहायचं, गावाच्या शिवेवर बसलेल्या एकेका राखणदाराला नावानं हाक मारायची, त्याच्याकडे गावासाठी काय मागायचं ते मागायचं, आणि प्रत्येक हाकेला जमलेल्या लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून उत्तर द्यायचं. ते उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं घातलं असं कोणी मानत नाही. ते नुसतं एका माणसाचं बोलणं होतं.

मान दोन घरांचा होता. सड्याच्या, गावावरच्या उघड्या कातळाच्या, कडेला मामांचं वरचं घर; खाडीच्या तरीवर, होड्या लागतात तिथे, बाबली परबांचं खालचं घर. एका वर्षी हे, दुसऱ्या वर्षी ते. मामा लहान असताना, माझ्या आजोबांच्या काळात, वाद झाला. वरचं घर म्हणे, खालच्यांचा आरंभ चुकतो. खालचं घर म्हणे, चुकतो तो वरच्यांचा. तेव्हापासून एकानं तोंड उघडलं की पहिल्या नावालाच दुसऱ्या घराची माणसं उठून देवळाबाहेर जायची. अर्ध्या गावाचं उत्तर येईना, म्हणून पुढे, मी शाळेत असताना, गाऱ्हाणंच थांबलं. जत्रा होई, दशावतार होई, खाजं खाऊन लोक घरी जात. मामा जत्रेच्या दिवशी आजारी पडत.

त्या वर्षी ते खरंच आजारी होते. घशात गाठ होती. गोव्याच्या डॉक्टरांनी जत्रेनंतरची तारीख दिली होती आणि जिवाची हमी दिली होती. आवाजाची दिली नव्हती. आताच तो सुक्या माडाच्या झावळीसारखा वाजत होता. एकदा गाऱ्हाणं घालायचं, एवढंच मामांना हवं होतं. पण ते त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. बाबलीमामा बसून राहिले आणि त्यांनी उत्तर दिलं, तरच.

मला गाऱ्हाणं लिहून का घ्यायला लावलं, हे मामांनी सांगितलं नाही. तोंडानं तोंडाला द्यायची ती गोष्ट. त्यांना मूल नव्हतं. मी विचारलं नाही.

मी तिथे माझ्या कामासाठी गेले होते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतली नोकरी सोडून मी एक लायब्ररी लिहीत होते. पुस्तकांची नव्हे. इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये उचलून वापरावी अशी, सगळ्यांना मोकळी. तिला दोन गोष्टी येत. एक, जुन्या पद्धतीनं जपून ठेवलेल्या फायली वाचणं. या फायलींची एक गंमत असे. मजकुराचं शेवटचं रूप तेवढं अख्खं ठेवलेलं असे. आधीची रूपं नसत, फक्त मागं जायच्या खुणा असत: इथून ही ओळ काढ, इथे ती घाल, म्हणजे कालचं मिळेल. तशाच आणखी खुणा पाळल्या की परवाचं. दुसरी गोष्ट, दोन मजकूर शेजारी ठेवून त्यांत फरक काय ते दाखवणं. गेलेल्या ओळीपुढे उणे, आलेल्या ओळीपुढे अधिक. फरक शोधायचा म्हणजे आधी सारखं काय ते शोधावं लागतं. दोन्हींत त्याच क्रमानं येणारा, जितका लांब मिळेल तितका धागा. तो सापडला की उरलं तो फरक.

कधी न पाहिलेली माणसं दूरदूरच्या देशांतून मला चुका कळवत. मी तालुक्याला जाऊन त्यांची पत्रं उतरवून आणायची आणि माडीवर बसून दुरुस्त्या करायची. दुपारी सगळं घर झोपलेलं असे. खाडी भरे, ओसरे. खिडकीतून बघितलं की पाण्याखाली गेलेली खाजणाची खारी जमीन ओळीओळीनं वर येताना दिसे आणि ते मला कामाचाच भाग वाटे.

मामांचं गाऱ्हाणं लिहून घेतल्याचं दोन दिवसांत गावभर झालं. सुलामामी आपण कुणाला सांगितलं नाही असं म्हणाल्या. तिसऱ्या सकाळी मी तरीवर मासे आणायला गेले, तर बाबलीमामा आपल्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून जाळ्याची गाठ सोडवत होते. ते मामांचे चुलतभाऊ, वयानं जरा धाकटे. दोघं शाळेत एका बाकावर होते, असं आई सांगायची.

"वैजू ना गो तू? विसूचा लिवलंस म्हणतत."

मी हो म्हटलं.

"मगे माजा काय खारट आसा?"

मी हसले. त्यांनी मला आत बोलावलं, सोलकढी दिली, आणि मी काय करते ते विचारून घेतलं. फुकट देतेस? फुकट देते. कोणी त्यात बदल केला तर? करावा, मी म्हटलं, कुणी काय बदललं ते सगळ्यांना दिसतं.

"आनी मगे भांडणा होयत नाय?"

"होतात."

"होतली," ते म्हणाले. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी ओटीवरच, दार उघडं ठेवून, खाडीकडे तोंड करून गाऱ्हाणं सांगितलं. मोठा, ओला आवाज. पाण्यावरून जाऊन पलीकडच्या तीराला लागत असावा असा. पुसून टाक असं तेही म्हणाले, पण जाता जाता, फाटक लावून घे म्हणावं तसं.

घरी येऊन मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवले. मला आशा होती. इतकी वर्षं दोन घरं भांडतात तर फरक असून असून किती असेल? एखादं नाव, एखादी ओळ. तेवढी दाखवावी आणि दोघांना म्हणावं, बघा, एवढंच.

पडद्यावर आधी सगळी उण्याची चिन्हं आली. मग सगळी अधिकची. सारखी म्हणावी अशी एकही ओळ नव्हती. एक म्हणे 'राखणदारा, पाठ राख', दुसरं म्हणे 'राखणदारा, तू पाठीर ऱ्हव'. माझ्या लायब्ररीला हे दोन परके मजकूर होते. एक अख्खा गेलेला, दुसरा अख्खा आलेला.

मामांना मी जेवताना सांगितलं. त्यांनी भात कालवायचा थांबवला.

"मी काय सांगत होतंय?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "सगळाच येगळा?"

"सगळंच."

"सगळाच कसा?" ते स्वतःशी म्हणाले आणि पानावरून उठले. सुलामामींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पण हात धुतला.

त्यानंतरचे दिवस मला पाण्यातून बघितल्यासारखे आठवतात. थंडी पडायला लागली होती. सकाळी उशिरापर्यंत धुकं उठत नसे आणि माडांची टोकं तेवढी हवेत तरंगत. काम सुचेना म्हणून मी चालायला लागले. सड्यावरून निघायचं, पाणंद धरायची, गावाला वळसा घालून परत सड्यावर. पाय आपोआप जात. डोक्यात मामांचं गाऱ्हाणं चालू असे. टंकलेलं मला पाठ होतं, ही माझी जुनी खोड आहे.

सड्यावरच्या राखणदारा. मी सड्यावर होते. कातळावर एक दगड, त्याच्यापुढे वाळलेली फुलं. जांभळीखालच्या पूर्वसा. पाणंदीच्या पहिल्या वळणावर जांभूळ होती आणि तिच्या बुंध्याशी एक शेंदूर लावलेला गोटा, मी रोज ओलांडून जात होते तो. बावीवरच्या मायबाय. बाव, म्हणजे विहीर, आली. साकवावरच्या वेताळा. व्हाळाच्या पाण्यावरचा लाकडी साकव माझ्या पायाखाली हलला, आणि मी थांबले.

मी ते नावांचं पठण समजत होते. ती वाट होती. मामांच्या घरातला कोणी पूर्वज दारातून निघून शिवेवरून चालत गेला होता आणि जे भेटलं त्याला हाक मारत गेला होता. मी चालता चालता म्हणत होते की म्हणता म्हणता चालत होते, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. खाजणातल्या सातेरी. खाजणाच्या बांधावर मातीचं वारूळ होतं. आणि बांध संपला तिथे धुक्यातून एक गडगा वर आला, त्यावर वाळत टाकलेलं जाळं. मी बाबलीमामांच्या दारात उभी होते.

मामांच्या गाऱ्हाण्यात पुढचं नाव तरीवरच्या पिराचं होतं. बाबलीमामांच्या गाऱ्हाण्यात ते पहिलं होतं.

मी तिथून पुढचा फेरा त्यांच्या गाऱ्हाण्यानं चालले. पीर, बंधाऱ्यावरचा वाटाड्या, माडांमधला म्हातारा, देवराईतली पावणाई. देवराईतून बाहेर आले तर समोर सडा. त्यांचं गाऱ्हाणं तिथे थांबलं नाही. ते राखणदाराला हाक मारून जांभळीकडे उतरलं.

मी जवळजवळ धावत माडीवर गेले. माझ्या लायब्ररीनं एक गोष्ट धरून ठेवली होती, जी मी कधी लिहिली नव्हती, इतकी ती मला उघड वाटली होती: की मजकुराला सुरुवात असते. वरून खाली. वर्तुळ तिला कळत नव्हतं. सरकलेली ओळ तिला एका जागी मेलेली दिसे आणि दुसऱ्या जागी जन्मलेली. मी दोन्ही मजकुरांतून फक्त नावं ठेवली. मामांची नावं संपली की पुन्हा मामांचीच नावं जोडली, म्हणजे फेरा दोनदा झाला. त्यातून तरीवरच्या पिरापासून एक फेरा उचलला, तो बाबलीमामांच्या नावांशेजारी ठेवला, आणि विचारलं, फरक सांग.

काही आलं नाही. दोन मजकूर सारखे असले की लायब्ररी काहीच लिहीत नाही. रिकामी ओळ, तिच्यावर कर्सर लुकलुकतो. चुकलं असेल म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा काही आलं नाही. खाली सुलामामी नारळ खवत होत्या, तो आवाज येत होता.

मामांना मी संगणकाचं काही सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, तुमचं गाऱ्हाणं मी आज चालून आले. कुठून कुठे गेले ते सांगितलं. ते ऐकत राहिले. तरीवरचं दार आलं तेव्हा त्यांनी मान वळवली.

"बाबलीचो गडगो लागलो?"

"लागला. तिथून त्यांचं सुरू होतं, मामा. आणि ते इथे येतं. आपल्या दारात."

ते उठून दारात जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "माज्या बापाशीन माका दारात उबो करून शिकयला. ह्या दारात." आणि नंतर, "बाबली काय म्हणता?"

बाबलीमामांकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. ते होडीला डांबर लावत होते. थांबले नाहीत. मी गडग्याला टेकून सगळं सांगितलं.

"विसूचा माका सांगू नको," ते म्हणाले. "आमचो मूळपुरुष होडयेतसून इलो. तरीर पाय ठेवल्यान. सुरवात थय. सड्यार कोण आकाशातसून पडलो?"

"मामांचं गाऱ्हाणं तुम्ही पूर्ण ऐकलंय कधी?"

"कित्याक आयकू? पयल्याच नावाक उठतंव आमी."

"त्यांनीही तुमचं ऐकलेलं नाही. पहिल्या नावाला तेही उठायचे."

डांबराचा कुंचला होडीवर थांबला. एक ओघळ खाली आला, तो त्यांनी पुसला नाही.

"पीर येता त्येच्यात?" त्यांनी विचारलं.

"येतो. वाटाड्याही येतो."

"माडातलो म्हातारो?"

"सगळे येतात."

ते पुन्हा डांबर लावायला लागले. मी विचारलं की या वेळी ते बसून ऐकतील का, उत्तर देतील का. मामांच्या घशाचं त्यांना ठाऊक होतं, गावात सगळ्यांना होतं, तरी मी तेही बोलले.

"तू शिकलेली आसस," ते म्हणाले. "पण सुरवात ती सुरवात. बगूया."

एवढंच घेऊन मी परत आले. मामांनी ते ऐकलं आणि मान हलवली. त्या दिवसापासून ते कमी बोलायला लागले. आवाज साठवत असावेत.

जत्रेच्या सकाळी, अंघोळ करून, मामा माडीवर आले आणि माझ्यामागे उभे राहिले. मी दोन्ही मजकूर पुसले. मग त्यांच्या आधीच्या प्रती पुसल्या. मग जिथे जिथे त्यांची सावली राहिली असती तिथून ती काढली. वर्षानुवर्षं माझं काम नेमकं याच्या उलट होतं, की काहीही हरवू नये, कुठूनही मागं जाता यावं. मामा पडद्याकडे बघत होते.

"गेला?"

"गेलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला.

देवळात धूप आणि धुकं वेगळं ओळखू येत नव्हतं. उजवीकडे वरच्या घराची माणसं, डावीकडे खालच्या घराची, मध्ये पायवाटेएवढी जागा मोकळी. बाबलीमामा डावीकडे खांबाला टेकून बसले होते, धुवट सदरा घालून. मामा देवासमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि देवळातला गलबला, कुणी सांगितल्याशिवाय, खाली बसला.

"बा देवा म्हाराजा," मामांनी सुरू केलं. "सड्यावयल्या राखणदारा…"

डावीकडे हालचाल झाली. दोघे-तिघे पुरुष सवयीनं उठले. एकानं चपलांकडे हात नेला. मग त्यांनी बाबलीमामांकडे बघितलं. बाबलीमामा बसलेले होते. उठलेले तसेच अवघडून उभे राहिले आणि नंतर एकेक करून खाली बसले.

"व्हय म्हाराजा," उजवीकडून आलं.

डावीकडून काही आलं नाही.

मामा पुढे गेले. जांभळीखालचा पूर्वस. उजवीकडून उत्तर, डावीकडे शांतता. बावीवरची मायबाय. आवाज सुकत चालला होता, पण प्रत्येक नाव मला पायाखालून जाताना कळत होतं. बावीची ओली फरशी, मग साकव. साकवावर मामा अडखळले, आणि साकव हलावा तसा त्यांचा आवाज हलला. बाबलीमामांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे ओठ अगदी बारीक हलत होते. ते मोजत आहेत असं मला वाटलं, पण ते चालत होते.

"खाजनातल्या सातेरी," मामा म्हणाले. आता ती कुजबुज होती. "पोरा-टोरांक… गुरा-ढोरांक…"

"व्हय म्हाराजा," उजवीकडून, हळू.

मामांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, मानेच्या शिरा वर आल्या, आणि तोंडातून फक्त हवा आली. जोडलेले हात तसेच होते. सुलामामींनी पदर तोंडात धरला.

बाबलीमामा उठले.

ते बाहेर चालले असंच सगळ्यांना वाटलं. त्यांच्या मागची माणसंही उठली. पण ते दाराकडे वळले नाहीत. मधली मोकळी जागा ओलांडून ते मामांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, खांद्याला खांदा, शाळेतल्या बाकावर बसायचे तसे. हात जोडले.

"तरीवयल्या पिरा," त्यांनी हाक मारली. तो मोठा, ओला आवाज देवळाच्या छपरापर्यंत गेला. "पान्यातसून येतल्याक, पान्यातसून जातल्याक वाट दाखय. आनी ह्या माज्या भावाक बरो कर रे म्हाराजा."

ते थांबले. उत्तरासाठी थांबायचं असतं.

मी मामांकडे बघत होते. त्यांनी डोळे उघडले, शेजारी बघितलं, पुन्हा देवाकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हताच, पण काय म्हणाले ते मला दिसलं. आणि ते जे म्हणाले तेच मग दोन्ही बाजूंनी एकदम आलं, इतकं मोठ्यानं की धुपाचा धूर हलला.

बाबलीमामांनी पुढचं पाऊल बंधाऱ्यावर ठेवलं.